नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या

खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे;
मी दोन्ही बनवते, थंडर बे गावात,
सव्वीस वर्षं परक्या जबड्यांचे साचे घेत.
म्हणून नॉर्बर्टनं मलाच फोन केला:
"डार्लीन, तुझी ती गुलाबी पावडर आण.
चेहरा घ्यायचाय. माझा. अख्खा."

वय एक्कावन्न. नोकरी बंदरावर, धान्याच्या कोठारात.
तळघरात प्रिंटर घरघरतोय एकतीस तास,
शेवयांसारखी तार सोडत, थरावर थर:
डावा खांदा.
उजवा गेल्या आठवड्यात वीज गेली तेव्हा
अर्ध्यातच मेला. त्यात तो आता स्क्रू ठेवतो.

छातीचं कवच चार तुकड्यांत, सांधे लांबीनं बुजवलेले,
घासून घासून त्याच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात.
पोटाचे स्नायू सहा, मोजून.
त्याखाली खरं पोट,
त्याबद्दल कोणी बोलायचं नाही.
"कुठला हीरो?" मी विचारलं.
"नाव नाही अजून. आधी अंगाला बसू दे."

कामाच्या टेबलावर उताणा निजवला.
टकलावर रबरी टोपी, भुवयांना व्हॅसलीन.
हसायचं नाही, गिळायचं नाही,
ठीक असशील तर अंगठा वर, घाबरलास तर खाली.
नाकात नळ्या खुपसतात काही शहाणे. मी नाही.
नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या
आणि जवळ बसून राहायचं.

मग पुदिन्याच्या वासाचा तो गार लगदा
कपाळावरून खाली ओढत आणला,
आणि माझा भाऊ,
ज्याच्या तोंडाला जन्मापासून कुलूप नाही,
जो आईला पुरताना पाद्र्याच्या चुका काढत होता,
गप्प झाला.

तळघराच्या खिडकीत नुसतं बर्फ.
पण मला माहीत होतं, पलीकडे सरोवरात
तो डोंगरही असाच पडलाय, छातीवर हात,
झोपलेला राक्षस म्हणतात त्याला इथे.
त्यालाही कोणी विचारलेलं नाही, ठीक आहेस ना.

प्लास्टरची पहिली पट्टी भिजवता भिजवता म्हणाले,
"बाबांची बोट चोरीला गेली नव्हती.
मी विकली. ड्रायडनच्या एका माणसाला,
अठ्ठ्याण्णव साली, अडीच हजाराला.
दोन हजार घटस्फोटाच्या वकिलाला दिले.
उरले त्यात माझे दात करून घेतले.
तू तीन उन्हाळे धक्क्याधक्क्यावर शोधत होतास,
मी सोबत यायचे, सँडविच घेऊन."

अंगठा हलला नाही. वर नाही, खाली नाही.
पट्ट्या तापत गेल्या, तापतातच त्या.
श्वास येत होता. मी मोजत होते.
मग अंगठा आडवा झाला.
असं काही आमचं ठरलं नव्हतं.

साचा सुटला तेव्हा गाल लालभडक,
आणि पहिलं वाक्य:
"पुदिनाच का? स्ट्रॉबेरी नव्हती?"
बोटीचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर ओतून चेहरा काढला.
बाबांचं नाक. आमचीच ती हट्टी हनुवटी.
आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात
तांदळाच्या कणीएवढा फुगवटा.
"हवेचा बुडबुडा असणार," मी म्हणाले.
"असणार," तो म्हणाला.
दातांत असता तर खरवडून टाकला असता.
त्यावरच रबर ओतलं, मास्क झाला,
आतल्या बाजूला त्या जागी एक बारीक खळगा,
बाहेरून कळत नाही.

मार्चमध्ये कर्लिंग क्लबच्या हॉलमध्ये मेळा.
काचांवर वाफ, वाकता येत नाही,
बाथरूमला जायचं तर दोन माणसं लागतात.
एका पोरीनं विचारलं, तुझी शक्ती काय?
तो जो सुरू झाला, की तिची आई येऊन
तिला हात धरून घेऊन गेली.

मग माझ्याकडे वळला.
त्या मानेत वळायची सोय नाही,
म्हणून अख्खाच, खांदे खुर्च्यांना आपटत,
आणि मास्कच्या आतून, विहिरीतून यावा तसा आवाज:
"ड्रायडनवाल्यानं रंग बदलला असेल का गं तिचा?"